अण्णांच्या ॲम्बॅसेडरची इंग्लंडमधली बहीण

प्रिय संज्या,

दोन महिने झाले, तुला नुसते फोटो आणि फॉरवर्ड पाठवतोय, पत्र असं काही लिहिलंच नाही. आज मुद्दाम बसलोय कारण गेल्या रविवारी जे झालं ते व्हॉइस नोटमधे मावणार नाही.

शेजारच्या आजोबांची गाडी तुला माहितीये, १९६८ ची एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची स्पोर्ट्स कार, हिरवी, दोन सीटची, टप उघडणारी, तारांची चाकं. आजोबा आता ऐंशीचे झालेत, हात थरथरतात, त्यामुळे हल्ली पाना माझ्या हातात आणि ते स्टुलावर बसून सांगणार, असं आमचं चालतं. रविवारी टॅपेट सेटिंग होतं, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट जुळवायची. रॉकर कव्हर काढलं, आठ व्हॉल्व्ह एका ओळीत, गाडी टॉप गिअरमधे टाकून हाताने इंच इंच पुढे ढकलायची म्हणजे इंजिन फिरतं, आणि आजोबा म्हणाले, आठवा पूर्ण दाबला गेला की पहिला सेट कर, सातवा दाबला की दुसरा, सहावा दाबला की तिसरा, बेरीज कायम नऊ आली पाहिजे. संज्या, मी फीलर गेज, ती फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, हातात धरून तसाच उभा राहिलो रे. अण्णा! अगदी हेच, कराडला तुमच्या गॅरेजात, लाल रंगाच्या त्या ॲम्बॅसेडरवर वाकून अण्णा आपल्याला सांगायचे, "आठ उघडा की एक, नऊ विसरू नका". आपण नववीत होतो. तुला ते जमलं आणि मी नुसता टॉर्च धरायचो.

मी आजोबांना म्हणालो हे मला माहितीये, माझ्या मित्राच्या वडिलांनी शिकवलंय, तर त्यांनी विचारलं कुठल्या गाडीवर, मी ॲम्बॅसेडर म्हटल्यावर ते हसले आणि म्हणाले मग तर ते हेच इंजिन. आणि खरंच हेच इंजिन आहे! म्हणजे घराणं एक. बी-सिरीज म्हणतात त्याला. १९५२ साली ऑस्टिन आणि मॉरिसवाले एकत्र येऊन बीएमसी झाली आणि मग हे इंजिन त्यांच्या बऱ्याच गाड्यांमधे जायला लागलं, मॉरिस ऑक्सफर्ड नावाच्या गाडीत गेलं, जिची सिरीज थ्री आपल्याकडे बंगालात उत्तरपाड्याला ॲम्बॅसेडर म्हणून २०१४ पर्यंत निघत होती, आणि तेच १४८९ सीसीचं इंजिन १९५५ साली एमजीए नावाच्या स्पोर्ट्स कारमधे दोन कार्ब्युरेटर लावून बसवलं. पुढे ते वाढवून १७९८ सीसी केलं आणि ते एमजीबीमधे आलं. आपल्याकडे लग्नाला, डिस्ट्रिक्टच्या साहेबाला, स्टँडवरच्या टॅक्सीला जे इंजिन होतं त्याचीच सख्खी बहीण इकडे टप उघडून समुद्रकिनाऱ्याला जात होती. मला हे इतकं आवडलं ना की रात्री झोप नाही आली नीट.

आता तू एमजीची हेक्टर घेतलीस तेव्हा विचारलं होतंस ना की एमजी म्हणजे काय, लोक चायनीज चायनीज म्हणतात ते खरं का. तेव्हा मी धड उत्तर दिलं नाही. आज देतो.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. विल्यम मॉरिस हा ऑक्सफर्डमधला सायकली दुरुस्त करणारा पोरगा, पुढे मोटारी बनवायला लागला, पण गावातलं विक्री आणि रिपेअरिंगचं गॅरेज वेगळं चालू होतं. म्हणजे तुमच्यासारखंच, गॅरेज. त्या गॅरेजमधे १९२१ साली सेसिल किंबर नावाचा माणूस सेल्स मॅनेजर म्हणून आला आणि पुढच्याच वर्षी सगळा कारभार त्याच्याकडे गेला. किंबरनी काय केलं तर मॉरिसची साधी, घरगुती चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, घ्यायची, स्प्रिंगा थोड्या सुधारायच्या, वरती देखणी हलकी बॉडी बसवायची आणि वेगळ्या नावानी विकायची. अष्टकोनातली ती दोन अक्षरं १९२४ ची आहेत, तुझ्या स्टिअरिंगवर आज जी आहेत तीच. आणि मला वाटतं सगळ्या गोष्टीचं मर्म इथेच आहे, की ही गाडी पहिल्यापासून साध्या गाडीच्या सामानातून बनली. फेरारीसारखं सगळं खास नाही. गॅरेजवाल्याच्या डोक्यातून निघालेली, आणि म्हणून कुठल्याही गॅरेजवाल्याला उघडता येते.

१९२९ साली ते ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावात गेले, एका चामड्याच्या कारखान्याच्या रिकाम्या जागेत. मी राहतो तिथून गाडीनी पंधरावीस मिनिटं. फॅक्टरीचा फोन नंबर होता ॲबिंग्डन २५१, तर बऱ्याच मॉडेल्सचे चॅसी नंबरही ०२५१ पासून सुरू करायचे! किती आपुलकी असेल बघ. तिथून मिजेट निघाली, छोटी ८४७ सीसीची, मॉरिस मायनरच्या सामानावर, ज्याच्याकडे फार पैसे नाहीत त्यालाही स्पोर्ट्स कार घेता आली. रेसिंगमधेही जोरात होते, १९३३ ला के-थ्री मॅग्नेट घेऊन इटलीच्या मिले मिलिया शर्यतीत टीम प्राइझ मारलं, त्याच वर्षी नुव्होलारीसारख्या ड्रायव्हरनी अल्स्टरची टुरिस्ट ट्रॉफी जिंकली. पण १९३५ मधे वरून हुकूम आला, रेसिंग बंद.

किंबरचं पुढे जे झालं ते वाचून मला फार वाईट वाटलं. युद्धात गाड्यांचं उत्पादन बंद, कामगारांना काम हवं म्हणून त्यानी विमानाचे भाग बनवायचं काम घेतलं, तर वरच्यांना न विचारता घेतलं म्हणून १९४१ मधे त्यालाच काढलं. ज्यानी नाव उभं केलं त्यालाच. आणि ४ फेब्रुवारी १९४५ ला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवरून तो संध्याकाळच्या गाडीत बसला, गाडी बोगद्यातल्या चढावर शिरली, इंजिनची चाकं घसरायला लागली, अंधारात ड्रायव्हरला कळलंच नाही की गाडी पुढे न जाता मागे येतेय, शेवटचा डबा रुळावरून उतरून सिग्नलच्या खांबावर आदळला. दोन माणसं गेली, त्यातला एक किंबर. ५६ वर्षांचा होता. युरोपातलं युद्ध संपायला तीन महिने राहिले होते, आणि एमजीचं खरं सोनं व्हायला त्यानंतरच सुरुवात झाली, ते त्याला दिसलंच नाही.

कारण युद्ध संपल्यावर लगेच टीसी आली. जुन्या पद्धतीची, उंच बारीक चाकं, १२५० सीसी, स्टिअरिंग फक्त उजवीकडे. पण इंग्लंडमधे राहून गेलेल्या अमेरिकन सैनिकांना असल्या गाड्यांचं वेड लागलं होतं, त्यांच्याकडे एवढ्याएवढ्याशा गाड्या नव्हत्याच. दहा हजार टीसी बनल्या, त्यातल्या दोनेक हजार अमेरिकेला गेल्या, आणि तिथून पुढे ॲबिंग्डनचं पोट अमेरिकेवरच चाललं. एमजीए एक लाखावर बनल्या, बहुतेक सगळ्या परदेशी.

आणि १९६२ ला एमजीबी. सिड एनेव्हर म्हणून ॲबिंग्डनचाच इंजिनिअर, त्याची ही गाडी. वेगळी चॅसी काढून टाकली, बॉडीच चॅसी, त्यामुळे आत पाय पसरायला जागा, मागे सामानाला जागा, तरी अंगानी घट्ट. बाकी सामान मात्र ओळखीचं, मागे पाटे, पुढे ट्विन एसयू कार्ब्युरेटर, सीटच्या मागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. आजोबा ते दोन कार्ब्युरेटर रबरी नळी कानाला लावून जुळवतात, एक टोक एकाच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या, दोन्हीकडून हवेचा आवाज सारखा आला पाहिजे. कान अजून शाबूत आहेत त्यांचे. चाक काढायचं तर मधला मोठा नट तांब्याच्या हातोडीनी ठोकून सोडवायचा, लोखंडी हातोडी लावायची नाही, क्रोम जातं. १९६५ ला टपवाली जीटी आली, तिच्या छपराच्या रेषेत पिनिनफरिना या इटालियन डिझाइनवाल्यांचा हात आहे, ती शेजारून बघितली की नजर हलत नाही.

आता आजोबांचं. ते १९६० साली पंधराव्या वर्षी त्या फॅक्टरीत लागले, एमजीए चालू असताना. मी समजत होतो सरकता पट्टा वगैरे असेल. काही नाही रे! बॉडी बाहेरून यायची, इंजिन बाहेरून यायचं, आणि गाडी एका ठिकाणचं काम झालं की पुढच्या ठिकाणी माणसं हातानी ढकलत न्यायची. पाच लाखांवर एमजीबी बनल्या, अठरा वर्षांत, आणि प्रत्येकीला कुणीतरी हात लावून पुढे सरकवलंय. परवा मी गॅरेजमधे गाडी इंच इंच ढकलत होतो तेव्हा ते म्हणाले, असंच, घाई नको, ती आपणहून येते. मी काही बोललो नाही.

शेवट चांगला नाही झाला. १९७४ पासून अमेरिकेच्या बंपरच्या नियमांमुळे पुढे मागे ते काळे जाड रबरी बंपर आले, गाडी उंच करावी लागली, वळणावर झुकायला लागली. नवीन मॉडेलला कंपनीनी पैसा दिलाच नाही, तेव्हाची मालक ब्रिटिश लेलँड, तिचं एकूणच गाडं रुतलं होतं, त्यात पौंड महागला, अमेरिकेत विकून काही उरेना. आणि बघ नशीब कसं, सप्टेंबर १९७९ मधे ॲबिंग्डनला येऊन पन्नास वर्षं झाली म्हणून गावात मोठा सोहळा केला, जुन्या गाड्यांची मिरवणूक काढली, सगळं गाव रस्त्यावर, आणि लगेच सोमवारी, १० तारखेला, फॅक्टरी बंद करणार म्हणून जाहीर केलं. आजोबा म्हणतात घराच्या खिडकीवरच्या पताका अजून काढल्या नव्हत्या. ऑक्टोबर १९८० मधे शेवटची गाडी निघाली. माझ्या डोळ्यासमोर आपल्याकडच्या गिरण्या आल्या, लालबागचा तुझा मामा आला.

नाव मात्र हातोहात फिरत राहिलं, २००५ मधे एमजी रोव्हर बुडाली, चिनी कंपनीनी घेतलं, आणि गुजरातेतल्या हालोलच्या फॅक्टरीतून २०१९ ला तुझी हेक्टर आली. तर लोक म्हणतात ते खोटं नाही, मालकी तिकडून आलीये, आता त्यात जिंदालही आहेत. पण मला विचारशील तर खरी एमजी चालू आहे ती अशा गॅरेजांमधून. १९८८ मधे इकडे जुन्या डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, शोधून काढून एमजीबीची कोरी करकरीत बॉडी परत बनवायला सुरुवात केली, त्यामुळे पत्रा पूर्ण कुजलेली गाडीसुद्धा उभी राहते. नटबोल्टपासून सगळं सामान पोस्टानी घरी येतं. साठ वर्षांपूर्वीच्या कुठल्या गाडीचं असं होतं सांग?

आता एक काम आहे. अण्णांचा तो जुना फीलर गेज, पितळी स्क्रूचा, तेलानी काळा झालेला, अजून आहे का बघ. आजोबांच्या गेजची नेमकी पंधरा थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पाती वाकलीये आणि नवा घेऊ म्हटलं तर ते नको म्हणतात, पण कराडहून आलेला असेल तर वापरीन म्हणाले. जूनमधे तू येतोयस तेव्हा घेऊन ये. आणि सोबत टॅपेटचा व्हिडिओ पाठवतोय, शेवटचा अर्धा मिनिट गाडी चालू केलीये, तो अण्णांना मोबाईल कानाशी धरून ऐकव, कुठला व्हॉल्व्ह अजून सैल वाजतोय ते ते लगेच सांगतील. मला सहावा वाटतोय, आजोबा तिसरा म्हणतात.

वहिनींना आणि काकूंना नमस्कार सांग, पिंट्याला पापा.

तुझाच,
नंद्या