काम ठरले, पण राहायचे कोठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीत परदेशी जाऊन काम करण्याविषयी आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून मजकूर येतो. त्यात पगार, प्रवास आणि नव्या ओळखी यांचे वर्णन असते. विद्यार्थी तेथे राहतो कोठे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारलेला दिसतो. मी अमेरिकेत मेरीलँडच्या किनाऱ्यालगत राहते आणि ओशन सिटी या गावात दर उन्हाळ्यात कामाला येणारी मुले जवळून पाहते, म्हणून हे पत्र लिहिण्याची गरज वाटली.

अमेरिकेच्या ‘समर वर्क ट्रॅव्हल’ योजनेनुसार परदेशातील पूर्णवेळ महाविद्यालयीन विद्यार्थी आपल्या मोठ्या सुट्टीत जे-१ व्हिसावर जास्तीत जास्त चार महिने काम करू शकतात. सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी १९६१ मध्ये झालेला फुलब्राइट-हेज कायदा हा या व्हिसाचा पाया आहे. त्यामुळे योजना परराष्ट्र खाते चालवते आणि विद्यार्थ्याची जबाबदारी त्या खात्याने मान्यता दिलेल्या प्रायोजक संस्थेवर असते. कागदोपत्री ही मुले देशाची पाहुणी असतात. प्रत्यक्षात बल्गेरिया, रोमानिया, जमैका अशा देशांतून आलेली ही मुले हॉटेलच्या खोल्या आवरतात, आइस्क्रीम विकतात, पाळण्यांपाशी तिकिटे फाडतात. त्या कामात कमीपणा काहीच नाही. मात्र पाहुणा आणि कामगार या दोन भूमिकांमध्ये त्यांचे हक्क हरवता कामा नयेत.

ते हरवले होते, याची सर्वांत ठळक आठवण ऑगस्ट २०११ ची आहे. पेनसिल्व्हेनियातील पालमायरा येथे चॉकलेटच्या पॅकिंगचे काम करणाऱ्या शेकडो परदेशी विद्यार्थ्यांनी काम बंद करून रस्त्यावर निदर्शने केली. अवजड खोकी उचलणे, रात्रपाळी आणि घरभाडे कापून हातात उरणारा तुटपुंजा पगार या त्यांच्या तक्रारी होत्या. त्यानंतर परराष्ट्र खात्याने वार्षिक प्रवेशांवर १,०९,००० ची मर्यादा घातली आणि २०१२ मध्ये नियम कडक केले. कारखाने, गोदामे आणि बांधकाम यांतील कामे, तसेच मुख्यतः रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील कामे या योजनेतून वगळण्यात आली. प्रायोजकाने प्रत्येक विद्यार्थ्याशी महिन्यातून किमान एकदा संपर्क साधलाच पाहिजे, असेही ठरले. हे बदल चांगले झाले, यात मला शंका नाही.

घराचा प्रश्न मात्र अर्धवट राहिला. नियम असे सांगतो की, काम ठरवताना प्रायोजकाने परिसरातील राहण्याची आणि येण्याजाण्याची सोय विचारात घ्यावी, आणि काम देणाऱ्या मालकाने ती केली नसेल तर विद्यार्थ्याला ती मिळवण्यासाठी ताबडतोब मदत करावी. सगळी अडचण ‘मदत’ या शब्दात आहे. जागांची यादी हातात दिली तरी मदत झाली, असे म्हणता येते. ओशन सिटीची कायमची वस्ती सुमारे सात हजारांची आहे आणि उन्हाळ्यातील शनिवार-रविवारी तेथे लाखोंची गर्दी लोटते. अशा गावात जून महिन्यात खोली शोधणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला यादी घेऊन काय करता येणार?

गेल्या उन्हाळ्यात रात्रीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या एका मुलीने आपली पगाराची चिठ्ठी मला दाखवली. इंग्रजी तिला उत्तम येत होते; आकडे बरोबर आहेत का, एवढेच तिला विचारायचे होते. तो आठवडा पावसाचा गेला होता, किनारा ओस पडला होता आणि तिला जेमतेम वीस तास काम मिळाले होते. ताशी १५ डॉलर, म्हणजे मेरीलँडच्या किमान वेतनाने, ३०० डॉलर झाले होते. त्यातून मालकाने दिलेल्या जागेचे १५० डॉलर भाडे कापले होते. त्या जागेत तिच्या वाट्याला बैठकीच्या खोलीत जमिनीवर टाकलेली गादी आली होती. भाडे आठवड्याला ठरलेले आणि कामाचे तास आभाळावर अवलंबून, हा व्यवहारच मुळात एकतर्फी आहे.

त्याच चिठ्ठीवर आणखी २२ डॉलर ९५ सेंट सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या करांपोटी गेलेले होते. या योजनेतील अनिवासी विद्यार्थ्याला हे दोन कर लागू होत नाहीत. प्राप्तिकर लागतो, तो वेगळा. हिशेब ठेवणाऱ्याच्या अज्ञानामुळे ही चूक होते, असे मी समजते, पण भुर्दंड मुलांना पडतो आणि सुट्टी संपवून ती मायदेशी परतली की तो परत मागणे फार कटकटीचे होते.

भाड्याची तोंडमिळवणी करण्यासाठी मग दुसरे काम शोधले जाते. त्या कामालाही प्रायोजकाची आधी मंजुरी लागते, पण निकड असली की मुले थांबत नाहीत. दिवसा एक काम, संध्याकाळी दुसरे, आणि रात्री भरधाव मोटारींच्या कोस्टल हायवेवरून दिवा नसलेल्या सायकलीने परतणे. त्यांना पाहून माझ्या छातीत धस्स होते. सांस्कृतिक देवाणघेवाणीला या दिनक्रमात जागा कोठे आहे? गावातील चर्चमध्ये या मुलांसाठी मोफत जेवण असते. स्थानिक माणसांशी निवांत गप्पा मारण्याची संधी अनेकांना तेवढीच मिळते, आणि त्या चर्चमधील स्वयंसेवकांविषयी मला मनापासून आदर आहे.

माझी मागणी अशी की, जागेचा पत्ता, खोलीत राहणाऱ्यांची संख्या, आठवड्याचे भाडे आणि अनामत परत करण्याच्या अटी लेखी मिळाल्याशिवाय प्रायोजकाने व्हिसासाठी लागणारा डीएस-२०१९ हा कागद देऊच नये. आणि जागा काम देणाऱ्या मालकाचीच असेल तर कामाचे तास घटलेल्या आठवड्यात भाडेही त्या प्रमाणात घटावे. मराठी पालकांनीही याकडे लक्ष द्यावे, कारण हॉटेल व्यवस्थापन शिकलेली आपली मुले याच जे-१ व्हिसाच्या प्रशिक्षणार्थी वर्गातून अमेरिकेत येतात. त्यांचे नियम वेगळे असले तरी कागद तोच असतो आणि जबाबदार प्रायोजकही असतो. पैसे भरण्यापूर्वी वरील चार गोष्टी त्यांनी जरूर विचाराव्यात.

बसमधील त्या मुलीने दुसऱ्या दिवशी प्रायोजकाला दूरध्वनी केला. कराचे पैसे तिला पुढच्या दोन पगारांत परत मिळाले. भाडे मात्र हंगाम संपेपर्यंत दर आठवड्याला १५० डॉलरच कापले जात होते.

आपली नम्र,
एक वाचक, मेरीलँड