पुलमनचं गाव आणि घरभाडं

संपादक महोदय,
१ मेला कामगार दिनाचे मेसेज आले, शिकागोचा १८८६ चा ८ तासांच्या कामाच्या दिवसासाठीचा लढाही सगळ्यांना आठवला, पण त्याच शिकागोजवळच्या पुलमन गावाचं कुणी नावच काढत नाही. जॉर्ज पुलमन म्हणजे रेल्वेच्या आलिशान स्लीपर डब्यांचा माणूस, डोकं भन्नाट, त्याने कामगारांसाठी अख्खं गाव वसवलं, विटांची नीटनेटकी घरं, लायब्ररी, बाग, सगळं, फक्त मालक तोच आणि घरमालकही तोच! १८९३ च्या मंदीत पगार साधारण पाव हिश्शाने कापले पण घरभाडं जैसे थे, त्यामुळे भाडं वळतं करून हातात काही सेंट पडायचे. मे १८९४ मध्ये संप झाला, रेल्वे कामगारांचा नेता युजीन डेब्सच्या युनियनने पुलमनचे डबे जोडलेल्या गाड्यांवर बहिष्कार टाकला, देशभर रेल्वे अडली, मग सरकारने लष्कर आणलं, डेब्स तुरुंगात. गंमत म्हणजे अमेरिकेतली सप्टेंबरातली कामगार दिनाची सुट्टी त्याच धामधुमीत, जूनमध्ये मंजूर झाली! १८९७ मध्ये पुलमन गेला तेव्हा कामगार कबर उकरतील या भीतीने घरच्यांनी वर काँक्रीट ओतलं, रेल्वेचे रूळही घातले.
– एक वाचक, ठाणे