दादा, फॉरमॅट मारू दिला नाहीत त्याबद्दल थँक्यू

दादा, फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "अरे त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितोय.

महिनाभर घरचा कॉम्प्युटर नुसता रखडत होता, साधं फोल्डर उघडायचं तरी ते गोल चक्र गरगरत बसायचं, पंखा घोंघावतोय आणि टास्क मॅनेजरमध्ये (कोण किती काम खातंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, ९० टक्क्यांच्या खाली यायला तयार नाही. अँटीव्हायरस काढून बघितला, स्टार्टअपमधलं सगळं बंद केलं, फरक शून्य. शेवटी विंडोजचा पेन ड्राइव्ह बनवून फॉरमॅट मारायला, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायला बसलोच होतो.

तुम्ही म्हणालात, थांब, आधी सीपीयूच्या कॉलमवर क्लिक कर, सगळ्यात वर कोण येतंय ते सांग. वर आलं सिस्टिम इंटरप्ट्स, ४० टक्के. मी लगेच विचारलं, हिला एंड टास्क करू का, म्हणजे बंद पाडू का? आणि तुम्ही हसला नाहीत (याचे वेगळे आभार). म्हणालात, तो प्रोग्राम नाहीच, कीबोर्ड, माऊस, डिस्क यांनी हाक मारली की प्रोसेसरला हातातलं काम सोडून बघावं लागतं, त्यात जाणारा तो वेळ. एखाद टक्का असतोच, पण ४० म्हणजे कोणीतरी सारखी दाराची बेल वाजवतंय, दार कशाला तोडतोस, बेल वाजवणारा शोध.

मग मी शहाण्यासारख्या सगळ्या यूएसबी वायरी एकदम उपटल्या आणि आकडा धाडकन खाली आला, मी खूश, आणि तुम्ही म्हणालात परत लाव सगळ्या, आता एकेक काढ, नाहीतर कोण होता ते कळणार कसं. तेव्हा रागच आला होता खरं सांगतो, रात्रीचे साडेअकरा वाजलेले. प्रिंटर काढला, तसंच. वेबकॅम काढला, तसंच. मग यूएसबी हब, म्हणजे एका पोर्टवर बऱ्याच वायरी जोडायची डबी, त्याच्यावरचं सगळं काढून झालं, नुसता रिकामा हब लटकतोय तरी ४०. तो हब काढला मात्र, ०.३! टॉर्च मारून पाहिलं तर त्याच्या एका पोर्टमधली पट्टी वाकून शेजारच्या पट्टीला टेकलेली.

कॉम्प्युटर आता मस्त पळतोय, फोटोबिटो सगळे जागच्या जागी आहेत. हब टाकायला घरचे तयार नाहीत, "लाइट लागतोय की त्याचा" म्हणतात, म्हणून त्याच्यावर चिकटपट्टी लावून पेनाने "बेलवाला" लिहून ठेवलंय.