डांबरी रस्त्यावर ‘फोर बाय फोर’ नको

महोदय,

पावसाळा आला की जुन्या जीपना भाव येतो. दणकट दिसणारी कुठलीही गाडी आपल्याकडे जीपच. मूळची मात्र अमेरिकी लष्कराची. पहिला नमुना १९४० मध्ये बॅन्टम या छोट्या कंपनीने दिला, उत्पादनाचा मोठा वाटा विलीज कंपनीकडे गेला. महिंद्राने मुंबईत १९४७ पासून तिची जोडणी सुरू केली आणि ती खेड्यापाड्यांत पोचली.

इंजिन जेमतेम ६० अश्वशक्तीचे. खरा जोर ‘लो’च्या, म्हणजे मंद पण ताकदीच्या गिअरच्या दांड्यात. युद्धानंतरच्या ‘सीजे’ (नागरी) जीपमध्ये तो टाकला की चाकांवरची ओढ जवळपास अडीचपट होते. गाडी थांबवून किंवा अगदी रांगत असतानाच टाकावा.

चुकते ते इथे: ‘फोर बाय फोर’, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना देणे, डांबरावरही चालू ठेवतात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि या गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे मधले डिफरन्शिअल नसते. चिखलात चाके घसरून ताण सुटतो. कोरड्या डांबरावर तो गिअरमध्ये साठतो. स्टिअरिंग जड होते, दांडा अडकतो, शेवटी क्रॉस (चाकांकडे जोर नेणाऱ्या शाफ्टचा सांधा) तुटतो. दांड्यावर हातोडा मारू नये (मारतात!). गाडी सरळ रेषेत चार-पाच मीटर मागे घ्यावी, बहुतेकदा तो सुटतो.

दुसरे पाण्याचे. तापलेला ॲक्सल (चाकांचा आस) ओढ्यात बुडाला की आतली हवा आकसते. ब्रीदर (ॲक्सलमध्ये हवा ये-जा करण्याची वाट) तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढले जाते. डिफरन्शिअलचे ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले, तर नुसती भर घालू नये. सगळे काढून नवे ९० नंबरचे भरावे, ब्रीदरही साफ करावा.

– एक वाचक, पुणे