140 दिवसांचं अधिवेशन

प्लॅनो, टेक्सास
28 जून 2025

प्रिय बंड्या,

"तिकडे मोर्चे-बिर्चे निघतात का बे, का सगळं ईमेलवरच?" असं तू विचारलंस. व्हॉट्सअॅपवर दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, परत लिहिल्या. शेवटी म्हटलं, पत्रच लिहू. तू दर हिवाळ्यात नागपुरात यशवंत स्टेडियमपासून टेकडी रोडपर्यंत विनाअनुदानित शिक्षकांचा झेंडा घेऊन चालणारा माणूस. तुला अर्धवट सांगून भागणार नाही.

मोर्चे इथेही निघतात, पण खरं काम मोर्च्यात होत नाही. यंदाचं अधिवेशन मी जरा जवळून पाहिलं, ते आमच्या शेजारणीमुळे.

आधी अधिवेशनाचं सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. टेक्सासचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदाच भरतं, विषम सालात, आणि फक्त 140 दिवस. यंदा 14 जानेवारी ते 2 जून. खालच्या सभागृहात 150 सदस्य, वरच्यात 31. पगार महिन्याला 600 डॉलर, म्हणजे प्लॅनोत एका खोलीचं भाडंही निघायचं नाही. त्यामुळे कुणी वकिली करतो, कुणी डॉक्टरकी, कुणाची गुरं आहेत. पहिल्या 60 दिवसांत राज्यपालाने तातडीचे ठरवलेले विषय सोडले तर सहसा काही मंजूर होत नाही. त्यानंतर नवीन विधेयकं मांडायची खिडकी जवळपास बंदच. यंदा आठ हजारांहून जास्त विधेयकं आली, त्यातली बहुतेक समितीच्या टेबलावरच मेली. इथे विधेयक मारायला विरोधात मत द्यावं लागत नाही. कामकाजाच्या यादीत त्याचा नंबर लागू दिला नाही की झालं. ती यादी ठरवणारी कॅलेंडर्स नावाची एक समिती आहे. टीव्हीवर ती कधी दिसत नाही, पण आमच्या शेजारणीला तिच्यातल्या प्रत्येक सदस्याच्या कार्यालयाचा खोली नंबर पाठ आहे.

ही बाई पक्की रिपब्लिकन. चर्च, गर्भपाताला विरोध, बंदुकीचा हक्क, कमी कर, सगळं आलं. मुलांना शाळेत घालत नाही, घरीच शिकवते. इथे ते कायदेशीर आहे, आणि तो हक्कही भांडूनच मिळालाय. 1986 मध्ये हजारो पालक राजधानीला, ऑस्टिनला, जमले होते, आणि 1994 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 'लीपर' खटल्यात घरच्या शाळेला खाजगी शाळा मानलं. ही त्याच परंपरेतली. तिच्या जेवणाच्या टेबलावर सभागृहाच्या नियमांची छापील प्रत असते, पिवळ्या चिठ्ठ्या लावलेली. मुलांचा नागरिकशास्त्राचा तास म्हणजे तेच पुस्तक. तिचं पद 'प्रीसिंक्ट चेअर', म्हणजे आपल्याकडच्या बूथप्रमुखासारखं, फक्त इथे त्या पदावर पक्षाच्या मतदारांनी निवडून द्यावं लागतं.

तिची नि माझी मतं फारशी जुळत नाहीत. तरी कुंपणापलीकडून मठ्ठा नि चॉकलेट केक यांची देवाणघेवाण चालते. आणि माझ्याकडे अजून ग्रीन कार्डच, मत नाही. त्यामुळे माझं मन वळवण्यात तिचा काही फायदा नाही, म्हणून ती माझ्याशी मोकळं बोलते.

आता या लोकांच्या कामाची पद्धत ऐक. मार्चमधल्या प्रायमरीनंतर, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानानंतर, बूथपातळीवर पक्षाची सभा भरते. तिथे कुणीही साधा कार्यकर्ता ठराव मांडू शकतो. तो पास झाला की वरच्या अधिवेशनात जातो, तिथून राज्याच्या. 2024 च्या मे महिन्यात सॅन अँटोनियोला पक्षाचं राज्य अधिवेशन झालं, त्यात प्रतिनिधींनी मतदान करून आठ मागण्या ठरवल्या. त्यातली एक, समित्यांची अध्यक्षपदं डेमोक्रॅटांना द्यायची नाहीत. दुसरी, महापालिका नि काउंट्यांनी (म्हणजे इथल्या जिल्ह्यांनी) करदात्यांच्या पैशातून लॉबीवाले, म्हणजे आमदारांकडे शब्द टाकणारे पगारी लोक, नेमायचे नाहीत. आणखी एक, परकी शत्रुराष्ट्रांना टेक्सासची जमीन विकायची नाही. मग हा कागद हातात घेऊन मंडळी जानेवारीपासून आमदारांच्या मागे लागतात: हा तुमच्याच पक्षाचा ठराव, आता करा.

आणि इथेच गंमत आहे. त्यांचं भांडण डेमोक्रॅटांशी नाहीच. 1994 नंतर डेमोक्रॅट पक्षाने टेक्सासमध्ये राज्यपातळीवरची एकही निवडणूक जिंकलेली नाही, मग त्यांच्याशी भांडून करायचं काय? सगळा राग आपल्याच पक्षाच्या आमदारांवर. अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी स्पीकरची निवडणूक होती. पक्षाच्या आमदारांनी डिसेंबरात डेव्हिड कुक यांचं नाव पुढे केलं होतं. पण त्याच पक्षाच्या डस्टिन बरोज यांनी 36 रिपब्लिकन नि 49 डेमोक्रॅट गोळा केले आणि 85 विरुद्ध 55 नी स्पीकर झाले. गॅलरी कार्यकर्त्यांनी खचाखच भरलेली. तुझ्या ओळखीचंच दृश्य आहे म्हण ना, आपल्या माणसाने समोरच्या बाकांचा पाठिंबा घेऊन खुर्ची मिळवायची. फरक एवढाच की इथे हॉटेल-बिटेल काही लागलं नाही, सगळं दिवसाढवळ्या.

त्या वेळी बंडखोरांना निषेधाच्या ठरावाचा धाक घालणारे पक्षाचे प्रदेशाध्यक्ष कोण असतील? अब्राहम जॉर्ज. मूळचे केरळचे, आणि त्याआधी आमच्याच कॉलिन काउंटीचे पक्षाध्यक्ष. आमच्या महाराष्ट्र मंडळात कुणी राजकारणाचं नाव काढलं की लोक गुलाबजामकडे वळतात, आणि हा मल्याळी गडी टेक्सासच्या रिपब्लिकन पक्षाची काठी हातात घेऊन उभा.

जानेवारी संपता संपता सभागृहाने नियम केला की समितीचा अध्यक्ष बहुमतातल्या पक्षाचाच, पण उपाध्यक्ष मात्र अल्पमतातल्या पक्षाचा. वर्तमानपत्रांनी लिहिलं, कार्यकर्त्यांची मागणी मान्य. शेजारीण म्हणाली, "पुढच्या दाराने काढले आणि खिडकीतून घेतले." नियमांच्या पुस्तकात तिने लगेच नवी चिठ्ठी लावली.

तुला सगळ्यात जास्त रस वाटेल तो विषय आता. खाजगी शाळेच्या फीसाठी पालकांना सरकारी पैसा, म्हणजे व्हाउचर. तू महाराष्ट्रात खाजगी संस्थेच्या शाळेला सरकारने अनुदान द्यावं म्हणून रस्त्यावर, आणि इथले सरकारी शाळांचे शिक्षक खाजगी शाळांकडे सरकारचा पैसा जाऊ नये म्हणून रस्त्यावर! तुम्हा दोघांना एका खोलीत बसवून पाहायला मला आवडेल.

राज्यपाल ग्रेग अॅबट यांना हे व्हाउचर हवंच होतं. नोव्हेंबर 2023 मध्ये 21 रिपब्लिकन आमदार डेमोक्रॅटांबरोबर गेले आणि 84 विरुद्ध 63 नी ते विधेयकातून काढून टाकलं. हे 21 बहुतेक खेड्यापाड्यांतले. त्यांच्या गावात खाजगी शाळाच नाही, आणि सरकारी शाळा म्हणजे गावातली सगळ्यात मोठी नोकरी देणारी संस्था नि शुक्रवारचा फुटबॉल. अॅबट यांनी मग 2024 च्या प्रायमरीत आपल्याच पक्षाच्या या लोकांविरुद्ध उमेदवार उभे केले. पेनसिल्व्हेनियाचे गुंतवणूकदार जेफ यास यांनी त्यांना एकाच धनादेशात 60 लाख डॉलर दिले होते. प्रायमरीत मतदान करतो कोण? नोंदलेल्या सात-आठ मतदारांत एक. तेवढ्यात सगळा खेळ झाला आणि विरोधकांपैकी बरेच जण घरी बसले.

यंदा 11 मार्चला या विषयावर खालच्या सभागृहाच्या शिक्षण समितीपुढे जनसुनावणी होती. शेजारणीच्या गाडीचं काम निघालं होतं, म्हणून मी तिला घेऊन गेलो. तीन-साडेतीन तासांचा रस्ता, टेंपलला बकीज नावाच्या मोठ्या पेट्रोलपंपावर थांबून. मला वाटलं, ही विधेयकाच्या बाजूने बोलणार. निघाली विरोधात! तिचं म्हणणं, सरकारचा पैसा घरात आला की पाठोपाठ सरकारचा हिशेबनीस येतो, आज दोन हजार डॉलर घ्या, उद्या अभ्यासक्रम ते ठरवतील. घरी शिकवणाऱ्यांत या मताचे बरेच आहेत आणि उलट मताचेही.

कॅपिटॉल म्हणजे विधिमंडळाची इमारत 1888 ची, गुलाबी ग्रॅनाइटची, वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलहून थोडी उंचच. दाराशी तपासणीची रांग असते, पण बंदुकीचा परवाना असेल तर वेगळी, छोटी रांग. शेजारीण तिकडून आत, मी पाण्याची बाटली नि डबा घेऊन मोठ्या रांगेत. समित्यांच्या खोल्या जमिनीखाली. तिथे भिंतीजवळ टॅबलेट लावलेले आहेत. नाव, पत्ता, कुणाच्या वतीने आणि विधेयकाच्या बाजूने, विरोधात की तटस्थ, एवढं भरायचं. झालात तुम्ही साक्षीदार. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. शिफारस नाही, शिष्टमंडळ नाही, मंत्र्याच्या पीएची मर्जी नाही. नोंद केलेल्या प्रत्येकाचं नाव समितीच्या कागदपत्रांत राहतं.

पण नंबर कधी लागेल ते विचारू नको. सकाळी सुरू झालेली ती सुनावणी रात्रभर चालली, दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी. कॅन्टीन बंद, मशीनमधली बिस्किटं संपलेली. शेजारणीच्या बाजूला पश्चिम टेक्सासच्या कुठल्याशा गावातली सरकारी शाळेतली मास्तरीण बसली होती, पर्सला डेमोक्रॅट उमेदवाराचा बिल्ला. दोघींत एकच चार्जर. आधी दोघी एकमेकींचे बिल्ले बघून गप्प होत्या, मध्यरात्रीनंतर एकमेकींची भाषणं तपासून देत होत्या. मास्तरणीने हिच्या कागदावरची एक ओळ खोडली आणि म्हणाली, "हे म्हणू नकोस, समितीला अपमान वाटेल." हिने खरंच ती ओळ गाळली. आमच्या डब्यातल्या थालीपिठाचे तीन वाटे झाले. मास्तरणीला तिखट लागलं, पण तिने संपवलं.

एवढं करून विधेयक पास झालंच. 16 एप्रिलला सकाळी ट्रम्प यांनी रिपब्लिकन आमदारांच्या बैठकीत फोन करून पाठिंबा जाहीर केला, आणि दुसऱ्या दिवशी अंतिम मतदानात 86 विरुद्ध 61. रिपब्लिकनांपैकी दोघंच विरोधात. 3 मेला राज्यपालांची सही. 2026-27 पासून शंभर कोटी डॉलरची योजना, खाजगी शाळेतल्या मुलामागे वर्षाला दहा हजारांच्या आसपास, घरी शिकणाऱ्याला दोन हजारांपर्यंत. शेजारीण तो अर्ज भरणार नाही म्हणते. बघू.

म्हणजे रात्र जागून काय मिळालं, असं तू विचारशील. मलाही तेच वाटलं होतं. तळागाळातली चळवळ म्हणून जे मिरवलं जातं, त्यात कार्यकर्त्याचा घाम किती आणि मिडलँडकडच्या टिम डन यांच्यासारख्या तेलवाल्या धनिकांचा पैसा किती, हे वेगळं काढणं अवघड. पण दोन्ही आहेत. नुसता पैसा म्हणून सोडून देणारे माझे ऑफिसातले मित्र ती सुनावणी बघायला कधी आलेले नाहीत. ते ट्विट करतात आणि नोव्हेंबरात मत देतात, तोवर सगळं मार्चमध्ये ठरून गेलेलं असतं.

एक गोष्ट मात्र मला टोचली. जमिनीचं विधेयक. चीन, रशिया, इराण, उत्तर कोरिया या देशांशी जोडलेल्या ठराविक लोकांना नि कंपन्यांना टेक्सासमध्ये स्थावर मालमत्ता घ्यायला बंदी. पुढे यादीत आणखी देश घालायचा अधिकार राज्यपालाला. गेल्याच आठवड्यात सही झाली, 1 सप्टेंबरपासून लागू. नागरिक नि ग्रीन कार्डवाले यातून सुटतात, पण आमच्या गल्लीतला चिनी इंजिनियर वर्क व्हिसावर आहे, घर शोधत होता, आणि आता आपल्याला ते घेता येईल की नाही या धास्तीत आहे. मी शेजारणीला विचारलं, उद्या यादीत भारत आला तर? ती म्हणाली, "भारत मित्र आहे." मी म्हटलं, मैत्री राज्यपाल बदलला की बदलते. ती गप्प राहिली. त्या आठवड्यात केक आला नाही.

बाकी हिशेब मिश्र. घरपट्टीत सूट मिळणार. शाळेच्या करासाठी घराच्या किमतीतले एक लाख डॉलर माफ होते, ते 1 लाख 40 हजार करायचं ठरलंय, नोव्हेंबरात लोकांनी मंजूर केलं तर. महापालिकांच्या लॉबीबंदीचं विधेयक वरच्या सभागृहातून सुटलं आणि खालच्यात पुन्हा अडकून मेलं. भांगेच्या जातीच्या झाडातला नशा आणणारा घटक म्हणजे टीएचसी, त्याच्यावरच्या बंदीवरून तर कडव्या लोकांतच जुंपली. उपराज्यपाल डॅन पॅट्रिक बंदीसाठी अडून बसलेले, माजी सैनिक नि दुकानदार विरोधात, आणि गेल्या रविवारी मुदत संपायला काही मिनिटं असताना राज्यपालांनी नकाराधिकार वापरला. 21 जुलैपासून विशेष अधिवेशन आहे. शेजारणीने ऑस्टिनजवळ कुणाकडे तरी राहायची सोय आधीच करून ठेवलीय. शिवाय बरोज यांना मत देणाऱ्या आमदारांविरुद्ध 2026 च्या मार्चला कोण उभं राहणार, त्याच्या याद्याही चालू आहेत.

तुझ्या मोर्च्याचं मी तिला सविस्तर सांगितलं. नागपूर करार, डिसेंबरचं अधिवेशन, बॅरिकेड, सगळं. 1994 च्या गोवारींच्या मोर्च्याचंही सांगितलं, चेंगराचेंगरीत 114 माणसं गेली ते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं ते मला सांगता आलं नाही, म्हणून तुलाच विचारतो. शिष्टमंडळ आत जाऊन निवेदन देतं, त्यानंतर तो कागद कुठे जातो? त्याला आवक नंबर पडतो का? तो कोण वाचतो, आणि तुम्ही नंतर कधी जाऊन तो मागून पाहिलाय का? टप्पा अनुदानाचं कुठवर आलं तेही लिही, आणि वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का ते. मी डिसेंबरात येतोय. अधिवेशनाच्या तारखा लागल्या की कळव, तिकीट त्याप्रमाणे काढतो.

तुझाच,
दिन्या