वाळवंटी सरडा आणि नागपूरचा मे महिना

महोदय,

ऑस्ट्रेलियातील ‘बिअर्डेड ड्रॅगन’ हा दाढीवाला सरडा आता आपल्याकडेही काही हौशी घरांत दिसू लागला आहे. ‘वाळवंटातला प्राणी, त्याला नागपूरचे ऊन काय करणार!’ असे विक्रेते बिनधास्त सांगतात, पण ते साफ चुकीचे आहे. सरडा जागा बदलून शरीराचे तापमान राखतो. म्हणून पेटीचे एक टोक सुमारे ४० अंशांचे, तर दुसरे २५ ते २८ अंशांचे असावे लागते, आणि पारा ४५ वर गेला की बंद खोलीत हे गार टोकच उरत नाही. पेटीतल्या ऊब देणाऱ्या दिव्याखाली शेकताना त्याने जबडा उघडा ठेवणे स्वाभाविक आहे. सावलीतही तो मिटत नसेल, तर मात्र जिवावर बेतले आहे असे समजावे. त्यावर कूलरचा झोत हा उपाय नव्हे, कारण ती दमट हवा त्याला मानवत नाही.

खिडकीच्या काचेतून येणारे ऊनही पुरत नाही, कारण काच त्यातील अतिनील-बी (यूव्हीबी) किरण अडवते. त्या किरणांचा दिवा आणि खाद्यावर कॅल्शियमची पूड नसेल, तर हाडे ठिसूळ होतात, जबडा मऊ पडतो, पाय थरथरतात.

आपल्या देशातील सांडा (काटेरी शेपटीचा सरडा) आणि घोरपड यांना मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षण आहे. ते पाळणे वा विकणे गुन्हा असल्याने अशी विक्री आढळल्यास वाचकांनी वनविभागाला कळवावे, ही विनंती.

— एक वाचक, नागपूर