नाक गेलं ते कुठल्या यादीत?

मा. संपादक,

कोविडमध्ये २०२० ला स्वॅब द्यायला गेलो तर त्या किटमधल्या पोराने विचारलं, काका वास येतो का? म्हटलं नाही. किती दिवस झाले? म्हटलं १५ वर्षं. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

मी भोसरीला क्रोम प्लेटिंगमध्ये होतो, म्हणजे धातूच्या भागांवर क्रोमचा चकचकीत थर चढवायचा, कारखान्याचं नाव घेत नाही. टाकीत करंट सोडला की बुडबुडे येतात, ते फुटले की क्रोमिक ॲसिडचे बारीक तुषार हवेत उडतात, आणि टाकीवर वाकून काम करणाऱ्याच्या थेट नाकात जातात. एक्झॉस्ट होता पण तो चालू दिसला की समजायचं आज इन्स्पेक्टर येणारे. आम्ही आपला रुमाल बांधायचो, त्याने काय होतंय. आधी नाकात खपल्या, मग रक्त, मग मधल्या पडद्याला आरपार भोक. जुनी माणसं म्हणायची, भोक पडलं म्हणजे तू आता पर्मनंट!

पण वास कधी गेला ते कळलंच नाही, कारण दुखत काहीच नाही. एकदा मी ओट्यापाशी उभा आणि दूध करपून कोळसा झालं, बायको बाहेरून ओरडत आली तेव्हा लक्षात आलं.

आता गंमत बघा. माझ्या वेळच्या कारखाने कायदा १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सरकारला कळवायच्याच आजारांच्या यादीत, क्रोममुळे होणारे व्रण होते, आवाजाने येणारा बहिरेपणा पण होता, पण वास जाणं नव्हतं. म्हणजे माझ्या नाकाचं भोक यादीत आणि नाक बिनकामाचं झालं ते यादीबाहेर. बॅटरीच्या कारखान्यात कॅडमियमच्या धुळीने पण वास जातो म्हणे, त्यांचंही तेच. वर्षाच्या तपासणीत कान बघायचे, डोळे बघायचे, फुंकर मारायला लावायचे, नाकापाशी साधी कापराची वडी कोणी धरली नाही. त्याला काय मोठं मशीन लागतं का? दरवर्षी धरली असती तर निदान कमी होतंय हे आधीच कळलं असतं आणि टाकीवरून हलवता आलं असतं.

आणि "वास आला की बाहेर पळा" ही आमची सेफ्टी ट्रेनिंग! ज्याला वासच नाही तो कधी पळणार? घरच्या सिलिंडरलाही तेच, त्यात मुद्दाम उग्र वास घालतात तो बाकीच्यांसाठी. सुनेने आता गॅस लीकचा अलार्म आणून लावलाय, तोवर मी एकटा असलो की शेगडीला हात लावत नव्हतो.

एक निवृत्त प्लेटर, पुणे